मदत हवी आहे: सभा चालू असतानाच चित्रांतून टिपणं कशी काढायची?

नमस्कार भाऊ-ताई. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. माझा पुतण्या १९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम) आहे. पऱ्हाटीतलं (कपाशीतलं) त्याला सगळं कळते, पण सभेत माईक लागला की कान झाकून बाहेर जातो.

मागच्या बोंडअळीच्या सभेत मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं काढत बसलो: एक कामगंध सापळा (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणारा), त्यात आठ पतंग, वर तीन चंद्र. म्हणजे सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले तर फवारणीचं पाहायचं. पोरगा शेवटपर्यंत बसला! दुसऱ्या दिवशी पहाटेच सापळ्यातले पतंग मोजत होता. शेजारच्या, वाचता न येणाऱ्या आजीनंही तो कागद मागून नेला.

आता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत भिंतीवर मोठा कागद लावून काढायचं आहे. बोलणारे भराभर बोलतात. तेव्हा काय घ्यायचं, काय सोडायचं? चित्रांची गर्दी झाली तर अशा मुलांना उलट त्रास होतो का? रंग किती वापरावे? विषयांचा क्रम आधीच काढून त्याला दाखवला तर बरं पडेल का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता आहे, म्हणून सरपंचांकडे माईकपासून दूरची जागाही मागणार आहे. कुणी असं काम केलं असेल तर कागदाचे फोटो नक्की टाका.