सहावी ते आठवीसाठी विज्ञान प्रदर्शनाचे साधे प्रयोग : अनुभव धागा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. टेबलांवर थर्माकोलचा ज्वालामुखी, पवनचक्की आणि ठिबक सिंचनाचं रंगवलेलं मॉडेल ठरलेलं. बघायला छान, पण त्यात मुलाने मोजलेलं काहीच नसतं. इथे असे प्रयोग लिहा, ज्यांत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि हाताशी आकडे यायला हवेत. साहित्य किराणा, मेडिकल किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं असावं. प्रयोग कुठे आणि का फसतो तेही लिहा. वेळ तिथेच जातो.

विज्ञान शिक्षिका, नागपूर

माझं पहिलं मत माठाला. घरोघरी माठ असतो, पण पाणी किती गार होतं ते कोणी मोजत नाही.

एकाच कुंभाराकडची, एकाच मापाची दोन छोटी मडकी घ्या. एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि दोन दिवस वाळवा. तिसरं भांडं स्टीलचं. दोन्ही मडकी आतून पाण्याने भरून रात्रभर ठेवा, कारण कोरं मडकं आधी स्वतःच पाणी पितं आणि वजनाचा हिशोब बिघडतो. सकाळी ती रिकामी करून तिन्ही भांड्यांत खोलीत रात्रभर ठेवलेलं 400 मिलि पाणी भरा. चार तास, दर अर्ध्या तासाने तापमान आणि वजन लिहा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. थर्मामीटर प्रयोगशाळेतलाच हवा, तापाचा 35 अंशांच्या खाली जात नाही. वाचण्याआधी पाणी हलकेच ढवळा आणि बल्ब मधोमध धरा.

आता मजा हिशोबात आहे. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते. ती सगळी आतल्या 400 ग्रॅम पाण्यातूनच गेली, तर दर ग्रॅममागे तापमान जवळजवळ दीड अंशाने उतरायला हवं. प्रत्यक्षात उतार बराच कमी येतो, कारण बाहेरची हवा मडक्याला सतत उष्णता देत असते. या फरकाचं कारण मुलांना शोधू द्या, प्रयोगाचा जीव तिथेच आहे.

फसतं कुठे? मडकं ताटलीत ठेवलं की पाझरलेलं पाणी खाली साचतं, वजनही चुकतं. तारेच्या स्टँडवर ठेवा. एकच भांडं पंख्याच्या झोतात आलं तर तुलनाच संपली. दमट दिवशी फरक अगदी थोडा पडतो, म्हणून शेजारी बल्बवर ओली कापसाची वात गुंडाळलेला दुसरा थर्मामीटर ठेवा. त्या दिवशी बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, ते तो सांगतो. कोकणातल्या मुलांनी तर हा आकडा घ्यायलाच हवा.

रसायनशास्त्राचा प्राध्यापक

गढूळ पाण्यासाठी वाळू-कोळशाचा फिल्टर नेहमीचाच. त्यापेक्षा तुरटी आणि शेवग्याच्या बियांची तुलना करा, खरं संशोधन केल्यासारखं वाटतं.

पाच लिटर पाण्यात दोन मुठी काळी माती कालवा, अर्धा तास थांबा आणि वरचं गढूळ पाणी घ्या. एकसारख्या सहा बरण्यांत प्रत्येकी 500 मिलि. 10 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून 1 लिटर द्रावण करा. याचा 1 मिलि अर्धा लिटर पाण्यात घातला की लिटरमागे 20 मिलिग्रॅम मात्रा होते. बिनसुईच्या सिरिंजने 0, 1, 2, 4, 6, 8 मिलि घाला. एक मिनिट जोरात ढवळा, दहा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. हळू ढवळण्याच्या वेळी मातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. तिथे जोर लावला की झालेले गोळे फुटतात आणि पोरं म्हणतात तुरटी चालली नाही.

शेवग्याचं द्रावण : झाडावर वाळलेल्या शेंगांतल्या बिया, पंख आणि टरफल काढून पांढरा गर कुटायचा. 1 ग्रॅम पूड 100 मिलि पाण्यात पाच मिनिटं हलवून फडक्यातून गाळा. मात्रा वरच्यासारखीच मोजा. भाजीच्या कोवळ्या शेंगांतल्या बिया यासाठी चालत नाहीत. द्रावण त्याच दिवशी वापरा. बियांतल्या प्रथिनांवर धनभार असतो, मातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून ते एकत्र येतात. फार गढूळ पाण्यात शेवगा चांगला चालतो, किंचित गढूळ पाण्यात कमी.

गढूळपणा मोजायला कागदावर काळी फुली काढा, त्यावर सपाट बुडाचा उंच ग्लास ठेवा आणि वरून पाहत, फुली दिसेनाशी होईपर्यंत निवळलेलं पाणी ओता. उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. जितकी जास्त, तितकं पाणी स्वच्छ.

पाणी नितळ दिसलं तरी त्यातले जंतू सगळे गेलेले नसतात. पिऊन दाखवायचा मोह मुलांना होतो, तो आधीच थांबवा. शेवग्याचं पाणी दुसऱ्या दिवशी वासही मारतं, त्यात बियांतले बाकीचे सेंद्रिय पदार्थ उरलेले असतात.

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारा

लिंबाची बॅटरी. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि वायरिंगची तांब्याची जाड तार, एका लिंबाला साधारण 0.9 व्होल्ट. लाल एलईडीला 1.8 च्या आसपास लागतात, म्हणून चार लिंबं एकापुढे एक जोडा. पांढरा किंवा निळा एलईडी आणू नका, त्याला 3 व्होल्टच्या जवळ लागतात. टॉर्चचा बल्ब तर कितीही लिंबं जोडली तरी पेटणार नाही. लिंबातून मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट येतो आणि बल्बला शेकडो मिलिअँपिअर हवे असतात.

पेटत नसेल तर या क्रमाने बघा : एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला आहे का, लिंबाच्या आत खिळा आणि तार एकमेकांना टेकलेत का, मोटारीतून काढलेली तार असेल तर तिच्यावरचं वॉर्निश खरवडलंय का.

मोजायचं काय? खिळ्याची खोली 1, 2, 3 सेंमी ठेवून करंट घ्या. व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं आणि करंट वाढतो. हा फरक समजला की मुलाला बॅटरी समजली. कच्चा आणि उकडलेला बटाटा हीसुद्धा सुंदर तुलना आहे, उकडलेल्यातून करंट जास्त मिळतो. ऊर्जा जस्त झिजण्यातून येते, लिंबू फक्त आम्ल पुरवतं. तक्त्यावर 'लिंबातली वीज' लिहिलेलं असलं की परीक्षक हाच प्रश्न विचारतात. वापरलेलं लिंबू सरबतात जाऊ देऊ नका, त्यात धातू उतरलेला असतो.

सहावीची वर्गशिक्षिका

कमी वेळ असलेल्यांसाठी जास्वंद. लाल जास्वंदीच्या दहा-बारा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं. उकळू नका, रंग तपकिरी पडतो. फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. लिंबात गुलाबी, साबणाच्या पाण्यात हिरवट. द्रव एक दिवसात खराब होतो, पट्ट्या टिकतात. हळदीची पट्टी शेजारी ठेवा : ती अल्कलीत लाल होते, आम्लात पिवळीच राहते. दोन पट्ट्या मिळून जे कळतं, ते एकीवर कळत नाही.

कृषी सहायक, अकोला जिल्हा

आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. त्यामुळे 'खाऱ्या पाण्यात मूग किती उगवतो' हा प्रयोग इथल्या मुलांना शिकवावा लागत नाही, त्यांना तो आपलाच वाटतो.

500 मिलि पाण्यात 10 ग्रॅम मीठ म्हणजे ढोबळ 2 टक्के. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की 1, पुन्हा तसंच केलं की 0.5, मग 0.25. घरचा काटा अर्धा ग्रॅम नीट दाखवत नाही, म्हणून असंच पातळ करत जा. साधं पाणी पाचवं. प्रत्येक द्रावणाला तीन डबे, प्रत्येक डब्यात ओल्या टिश्यूवर 20 दाणे. 24, 48, 72 तासांनी मोजा. मूळ 2 मिमी झालं की 'उगवला' म्हणायचं, हे आधीच ठरवून वहीत लिहा.

डब्यांना झाकण हवंच. पाणी उडालं की मीठ मागे राहतं आणि 0.5 चा डबा तिसऱ्या दिवशी 0.5 चा राहत नाही. पाण्यात फुगतच नाहीत असे गणंग दाणे साध्या पाण्यातही एखाद-दोन निघतात, म्हणून पाच दाण्यांवर निष्कर्ष काढू नये. शेवटी गावातल्या दोन विहिरींचं पाणी त्याच पद्धतीने लावा.

खगोल मंडळात काम करणारी

सूर्यघड्याळाचा सल्ला, कारण त्यात एक सापळा आहे. तिरक्या तबकडीवर दर 15 अंशांनी रेघा मारायचं घड्याळ सोपं असतं, पण 23 सप्टेंबर ते 21 मार्च सावली तबकडीच्या खालच्या बाजूला पडते. प्रदर्शनं नेमकी तेव्हाच! हिवाळ्यात आडवं घड्याळ करा. पुण्यासाठी काट्याची कड पायाशी 18.5 अंशांचा कोन करून उत्तरेकडे वर जाते. रेघा बाराच्या रेघेपासून : 11 आणि 1 ला 5 अंश, 10 आणि 2 ला 10, 9 आणि 3 ला 18, 8 आणि 4 ला 29, 7 आणि 5 ला 50, सहाला 90. इंटरनेटवरची छापील तबकडी बहुधा दुसऱ्या अक्षांशाची असते, तिचे कोन इथे जुळत नाहीत. होकायंत्र लोखंडी बाकावर ठेवून उत्तर शोधू नका.

घड्याळाशी फरक येणारच. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, म्हणून सूर्य मुंबईत सुमारे 39 मिनिटं, पुण्यात 35, नागपुरात 14 मिनिटं मागे असतो. त्यात ऋतूचा फरक मिळवा : नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य 16 मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. म्हणजे पुण्यात खरी मध्यान्ह नोव्हेंबरात 12:18 च्या आसपास, फेब्रुवारीत 12:49. सभागृहात ऊन नसतं, त्यामुळे आठवडाभराच्या नोंदींचा आलेख सोबत न्या आणि टॉर्चने फक्त रचना समजावून सांगा.