निवृत्तीनंतर मोडी शिकायची आहे: सुरुवात कुठून?

प्रश्न (रिकामा_वेळ_६१):
सकाळी दोन तास हाताशी आहेत. टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप यांत मन रमत नाही. मोडी लिपी शिकावी म्हणतो, पण इतिहासाची पदवी नाही. पाटीवरची अक्षरं जमली, तरी जुना कागद वाचता येईल का? किती दिवस लागतील? डोळ्यांवर ताण येतो का?

बोरूबहाद्दर:
पदवी लागत नाही, रोजचा हात लागतो. आंग्लकालीन मोडीपासून सुरुवात करा. शिवकालीन वळणाच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवायची. रोज पाच-सहा अक्षरं, प्रत्येकाच्या चार ओळी. मुळाक्षरं झाली की लगेच बाराखडी, कारण गोची तिथेच होते: काना जोडला की बऱ्याच अक्षरांचं रूपच पालटतं. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळे नुसत्या संगणकी फॉन्टवर शिकलेला माणूस कागदासमोर अडतो. फॉन्टमध्ये अक्षरं सुटी असतात, कारकुनाने ती हात न उचलता लिहिलेली.

रोज पाऊण तास दिलात तर तीनेक महिन्यांत सुवाच्य खरेदीखत अडखळत का होईना, वाचाल. पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग भरवतं, तिथे चौकशी करा.

जुनं_दप्तर:
वरच्याला एक जोड. वाचताना अंदाज बांधू नका. आधी अक्षराला अक्षर लावून लिप्यंतर, अडलेल्या जागी टिंबं, अर्थ मागाहून. ‘हे पवारच असणार’ म्हणून लिहिलेलं आडनाव बहुधा चुकतं.

खरी मजा कालगणनेत आहे. जुन्या पत्रांत शुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि एकक आधी येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणजे याच सालातली. सरसकट ५९९ मिळवणारे इथे वर्षभर मागे जातात. दख्खनी फसली या महसुली सनाला मात्र ५९०-९१.

रकमेतल्या रेघाही शिकून घ्या: ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ साडेचार, ४॥। पावणेपाच.

रिकामा_वेळ_६१:
आभारी आहे. घरात एक जुना कागद आहे, घडीवर फाटतोय. त्यावर सराव करू का?

बोरूबहाद्दर:
मूळ कागदावर अजिबात नको. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच, त्याच्या गोंदाने कागद पिवळा पडतो. खिडकीशी तिरप्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा, डोळ्यांनाही सोपं जातं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून लांबवर बघा.

जुनं_दप्तर:
पुढे हात बसला की गाव नमुना १४ घ्या. जन्म-मृत्यूच्या त्रोटक नोंदी, तोच साचा पुन्हा पुन्हा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहे, पैसेही मिळतात. पण पहिलं वर्षभर कुणाला लिप्यंतर करून देऊ नका. एक अक्षर चुकलं, तर भुर्दंड दुसऱ्याच्या दाखल्याला.