मदत हवी आहे: ठिबकाशिवाय टिश्यू कल्चर केळी कशी जगवायची?

मंडळी, मी युगांडात म्बाराराजवळ छोट्या शेतकऱ्यांच्या गटांबरोबर काम करतो. इथली केळी म्हणजे मटोके. ती कच्चीच वाफवून खातात, रोजचं जेवणच ते.

२००१ पासून युगांडात झँथोमोनास मर रोग आहे, म्हणजे जिवाणूमुळे केळीचं झाड वाळून मरतं. तो कोयत्यावरून आणि केळफुलावर येणाऱ्या कीटकांमुळे पसरतो. पूर्वी केळीचं अख्खं बेट, म्हणजे एकत्र वाढलेले सगळे बुंधे, उपटायला सांगायचे. आता संशोधनानंतर फक्त रोगट बुंधा जमिनीलगत कापायचा, केळफूल दुबेळक्या काठीने मोडायचं, कोयता जाळावर धरायचा. हे लोकांना पटतं, कारण खर्च नाही.

अडचण रोपांची. इथल्या कवांडा कृषी संशोधन केंद्रातल्या संकरित जाती करप्याला (पानांवरच्या रोगाला) दाद देत नाहीत, उत्पन्नही जास्त (चवीवरून मात्र म्हाताऱ्या बायका नाकं मुरडतात, आणि शेवटी चालतं त्यांचंच!). पण शेजाऱ्याकडून आणलेल्या मुनव्यांबरोबर (बुंध्याशेजारी फुटलेल्या पिलांबरोबर) रोगही येतो, आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, नाजूक रोपं पावसाच्या भरवशावर मरतात.

जळगाव-रावेरकडच्या रोपवाटिकावाल्यांना विचारायचंय: ठिबक आणि शेडनेट नसताना रोपं कणखर कशी करता? किती उंचीची झाल्यावर शेतात लावता? कंदापासून घरच्या घरी निरोगी रोपं कुणी केलीत का? जमल्यास फोटोही टाका.