द्वितीयागमनाची वेळ मोजावी की मोजू नये?

कृष्णाकाठ (मिरज)

सर्वांना सलाम. माझ्या मामांची तासगावजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे. त्या भागात सप्टेंबर लागला की गोडी छाटणीचे वेध लागतात, मजुरांच्या टोळ्या आधीच सांगून ठेवाव्या लागतात, आणि छाटणी कोणत्या आठवड्यात झाली यावर चार-साडेचार महिन्यांनी माल कोणत्या भावाने जाणार हे बरेचसे ठरते. २०२५ च्या सप्टेंबरात मामांनी टोळीला दिलेला शब्द मागे घेतला. दक्षिण आफ्रिकेतील एका उपदेशकाने २३ आणि २४ सप्टेंबरला, म्हणजे यहुद्यांच्या कर्ण्यांच्या सणाच्या दिवसांत, प्रभू येशू परत येईल आणि मंडळी, म्हणजे त्याचे विश्वासणारे, स्वर्गात वर उचलली जाईल असे सांगितले होते आणि ते बोलणे मोबाइलवरून आमच्या घरापर्यंत पोचले होते. मी बागेत गेलो तेव्हा मामा मंडपाखाली खुर्ची टाकून पवित्र शास्त्र वाचत बसले होते. कात्र्या पोत्यात गुंडाळून खोपटात तशाच ठेवलेल्या होत्या. ‘आता कुणासाठी छाटायचं?’ एवढेच ते म्हणाले. २५ तारीख उजाडली, आणि त्यानंतरचे तीन रविवार मामा उपासनेला आले नाहीत.

प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस, महिना किंवा वर्ष सांगणे हा सरळ आज्ञाभंग आहे आणि मंडळीने तो आज्ञाभंग म्हणूनच वागवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मत्तय २४:३६ मध्ये प्रभू स्वतः सांगतो की तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, दूतांना नाही आणि पुत्रालाही नाही. स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा, काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमचे काम नाही, असे उत्तर मिळाले (प्रेषितांची कृत्ये १:७). यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायला हवे होते?

तरीही माणसे मोजत राहिली. अमेरिकेतील विल्यम मिलर हाही शेतकरीच होता. दानीएल ८:१४ मधील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे धरून आणि ती इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजून त्याने मार्च १८४४ पर्यंतची मुदत काढली, आणि ती टळल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत बसले, काहींनी शेतातील उभे पीक काढलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरांतून काय झाले असेल हे मला आता कोणी समजावून सांगायला नको, कारण मी मामांचा चेहरा पाहिला आहे. पुढे अशाच मुदती येत राहिल्या: १९८८ झाले, कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ झाले, अमेरिकेतील हॅरल्ड कॅम्पिंग यांचे २१ मे २०११ झाले आणि ते फसल्यावर त्याच वर्षाचे २१ ऑक्टोबर झाले.

आता मामांच्या हाती २०३३ चा हिशेब आला आहे. इसवी सन ३३ मध्ये वधस्तंभ, २ पेत्र ३:८ प्रमाणे प्रभूच्या दृष्टीने हजार वर्षे म्हणजे एक दिवस, होशेय ६:२ प्रमाणे दोन दिवसांनंतर उठवले जाणे, म्हणून २०३३, आणि त्यातून पुनरागमनाआधी येणार असे मानल्या जाणाऱ्या महासंकटाची सात वर्षे वजा. वजाबाकी करून पाहा, म्हणजे मी हे आत्ताच का लिहीत आहे ते कळेल. आपल्या पाळकांनी व्यासपीठावरून याविषयी उघड बोलावे की नाही?

जागल्या (सांगली)

सलाम, भाऊ. तुमच्या मामांचे वाचून वाईट वाटले आणि त्या उपदेशकाची बाजू मी घेणार नाही. दिवस सांगणारा चुकतो, हे मलाही मान्य आहे. परंतु तुम्ही दिवसाबरोबर वर्ष आणि ऋतूही कुलूपबंद करून टाकले आहेत, आणि तेथे मी तुमच्याशी सहमत नाही.

ज्या अध्यायात ३६ वे वचन आहे त्याच अध्यायात चार वचने आधी अंजिराचा दृष्टांत आहे. डाहळी कोवळी झाली, पाने फुटू लागली म्हणजे उन्हाळा जवळ आला हे ओळखा, असे प्रभू सांगतो. आभाळ तांबूस आहे की नाही हे पाहून तुम्ही हवामान सांगता, पण काळाची चिन्हे ओळखत नाही, म्हणून त्याने परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना दोष दिला. यिर्मयाच्या ग्रंथातून सत्तर वर्षांचा हिशेब दानीएलाला उमगला आणि तो प्रार्थनेला बसला (दानीएल ९:२), तेव्हा त्याला कोणी आज्ञाभंग करणारा म्हटले नाही. आणि पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की तुम्ही अंधारात नाही, म्हणून त्या दिवसाने तुम्हांला चोरासारखे गाठू नये (१ थेस्सलनीकाकर ५:४). म्हणजे चोरासारखे येणे हे झोपलेल्यांसाठी आहे.

तुमच्या मामांचे उदाहरण मी उलट बाजूने वापरतो. छाटणी झाली की बागायतदार दिवस मोजतो. घड कोणत्या तारखेला उतरवायचे हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही, पण कोणत्या महिन्यात ते नक्की सांगता येते. १४ मे १९४८ रोजी इस्राएल राष्ट्र पुन्हा उभे राहिले. जे जवळजवळ एकोणीसशे वर्षे झाले नव्हते ते आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत झाले. हे पाहून जो मोजत नाही, त्याला मी सावध म्हणू शकत नाही.

खरे दुखणे दुसरीकडे आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांत ख्रिस्तजन्माच्या आधीचे चार रविवार सोडले तर द्वितीयागमनावर उपदेश होत नाही. भुकेल्या माणसाला घरी जेवण मिळाले नाही तर तो मोबाइलवर मिळेल ते खातो. तुमचे मामा त्या उपदेशकापर्यंत का गेले, हा प्रश्न आधी स्वतःच्या मंडळीला विचारा.

कोयनेची लेक (सातारा)

चिन्हांविषयी आमच्या घरची एक गोष्ट सांगते. माझे आजोबा पाटण तालुक्यात शिक्षक होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबांनी अंगणात येऊन पाहिले तर शेजारची भिंत जागेवर नव्हती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सहा दिवसांच्या युद्धात यरुशलेमेचा जुना भाग इस्राएलाच्या हाती गेला होता. यरुशलेम आणि भूकंप, दोन्ही एकाच वर्षात. ‘आता महिन्यांचाच प्रश्न आहे,’ असे सांगणारे लोक तेव्हा वाडीवाडीतून फिरत होते, असे आजोबा सांगत. डिसेंबरची थंडी, घरात जायची भीती, लहान मुले पोत्यांवर निजवलेली, आणि त्यांच्यासमोर कोणी तरी मत्तय २४ चे ७ वे वचन, जागोजागी भूकंप होतील हे, मोठ्याने वाचत आहे. आजोबांनी त्या माणसाच्या हातातून शास्त्र घेतले आणि पुढचे वचन वाचले, की ही तर वेदनांची सुरुवात आहे. मग सगळ्यांना घेऊन ते छपरे बांधायला गेले.

२०१९ च्या महापुरात तुमच्या सांगलीत पाणी २००५ च्याही वर चढले तेव्हा हेच ऐकू आले, आणि २०२० च्या साथीत तर रोजच. जागल्याभाऊ, चिन्हे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. प्रत्येक पिढीला ती आपल्याच दाराशी दिसतात, एवढेच मी पाहिले आहे.

कृष्णाकाठभाऊ, तुमच्याशीही माझे थोडे भांडण आहे. ‘आज्ञाभंग’ हा शब्द तारीख सांगणाऱ्याला लावा, तुमच्या मामांना तो लागता कामा नये. त्यांनी विश्वास ठेवला आणि त्यांची फसवणूक झाली. त्या तीन रविवारांत मंडळीतून कोणी त्यांच्याकडे गेले होते का?

कृष्णाकाठ (मिरज)

ताई, पहिल्या दोन रविवारी कोणीही गेले नाही. तिसऱ्या रविवारी मी गेलो. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो मला लागला.

जागल्याभाऊंना उत्तर देतो. दानीएलाला आकडा दिलेला होता. यिर्मया २९:१० मध्ये सत्तर वर्षे असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आपल्याला आकडा दिलेला नाही, आणि तो मिळणार नाही हेही सांगितले आहे, तेव्हा दानीएलाचा दाखला येथे चालत नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल त्या अध्यायाच्या आरंभीच म्हणतो की काळ व समय यांविषयी तुम्हांला लिहिण्याची गरज नाही, आणि पुढे जागे व सावध राहा असे सांगून थांबतो. छाटणीचा दाखलाही मला पटत नाही, कारण बागेत कात्री आपण चालवलेली असते, म्हणून दिवस मोजता येतात.

आता २०३३ कडे वळू. इसवी सनाची गणना सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिग्युअस या संन्याशाने बसवली आणि तिच्यात काही वर्षांची चूक आहे, कारण ज्या हेरोदाच्या काळात प्रभू जन्मला तो इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला असे बहुतेक इतिहासकार मानतात. वधस्तंभाचे वर्ष काही अभ्यासक ३० धरतात, काही ३३. होशेयाचे वचन एफ्राइम आणि यहूदा या त्या काळच्या दोन राज्यांच्या पश्चात्तापाविषयी आहे. आणि पेत्राने हजार वर्षांचे जे वचन घेतले ते ९० व्या स्तोत्रातले आहे, तेथे हजार वर्षे कालच्या दिवसासारखी आणि रात्रीच्या एका प्रहरासारखीही म्हटली आहेत. एकाच मापाने दिवसही मोजायचा आणि प्रहरही, असे कसे होईल? पेत्र तेथे प्रभूच्या धीराविषयी बोलत आहे, कोणाचाही नाश होऊ नये म्हणून तो थांबला आहे, हे पुढच्याच वचनात लिहिले आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकातच अशा मोजणाऱ्यांना सांगितले होते की काळ व समय जाणणे तुमचे काम नाही, या प्रभूच्या उत्तराने तुमची बोटे सोडवली आहेत, आता ती स्वस्थ ठेवा.

जुना मास्तर (सांगली)

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून वाद घालत आहात, की मत्तय २४ हा अध्याय सगळाच्या सगळा पुढे घडायचा आहे. ३४ वे वचन पाहा. ‘ही पिढी’ नाहीशी होण्याआधी हे सर्व घडेल, असे प्रभू म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘गेनेआ’ असा आहे आणि शुभवर्तमानांत तो साधारणपणे त्या वेळी जिवंत असलेल्या माणसांसाठीच येतो. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत, इसवी सन ७० मध्ये, रोमी सेनापती तीत याच्या सैन्याने यरुशलेम घेतले आणि मंदिर पाडले. शिष्यांनी प्रश्नही मंदिराच्या दगडांवरूनच विचारला होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्या अध्यायाचा फार मोठा भाग तेव्हाच पुरा झाला. तो आजच्या बातम्यांना जोडला की १९४८ सारखे आकडे निघतात, आणि एक पिढी चाळीस वर्षांची धरून १९८८ ची मुदत त्यातूनच निघाली होती.

जागल्या (सांगली)

मास्तर, सलाम. १९८८ चा वार मला बसला, तो मी मान्य करतो. पण तुमच्या वाटेने चालत गेले तर आपण कोठे पोचतो ते पाहा. ‘जसा जाताना पाहिला तसाच येईल’ हे प्रेषितांची कृत्ये १:११ मधील दूतांचे बोल इसवी सन ७० मध्ये पुरे झाले का? मेलेले उठले का? पुनरुत्थान होऊन गेले असे म्हणणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांच्याविषयी पौलाने तीमथ्याला किती कठोर लिहिले आहे ते आठवा. एक जण वर्ष मोजू नका म्हणतो, दुसरा तर होऊन गेले म्हणतो. मग मंडळीने वाट कशाची पाहायची?

जुना मास्तर (सांगली)

त्याच्या येण्याची. न्याय करण्यास तो येईल हे मी दर रविवारी विश्वासांगीकारात मनापासून म्हणतो. सगळेच होऊन गेले असे म्हणणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. २४ वा अध्याय वेळापत्रक म्हणून वाचू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

रात्रपाळी (मिरज)

मी परिचारिका आहे. बरीच वर्षे रात्रपाळी केली. जत तालुक्यातील एक आजी कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत आमच्या विभागात होत्या. त्यांच्या उशाखाली धुऊन घडी घातलेले पांढरे नऊवारी लुगडे असे. चादर बदलताना मी ते पेटीत ठेवू लागले की त्या हात धरत. ‘राहू दे, बाई. तो आला तर नेसायला हवं, आणि मी गेले तर तुम्हांला शोधायला नको.’ पहाटे चारच्या सुमारास रोज विचारत, ‘उजाडलं का?’ मी १३० व्या स्तोत्रातील पहारेकऱ्यांचे वचन वाचत असे, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहून माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो, ते. मग त्या शांत पडत.

त्यांनी मला कधी वर्ष विचारले नाही. पण आज रात्री तो येऊ शकतो, यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्यापैकी कोणाचा आहे, असे येथले सगळे वाचताना मनात आले. जागल्याभाऊ, त्या काहीच मोजत नव्हत्या आणि पुऱ्या जाग्या होत्या. आणि कृष्णाकाठभाऊ, केवळ तारखांना विरोध करून आमची मंडळी त्या आजींसारखी होणार नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ‘तो येईपर्यंत’ हे शब्द आपण म्हणतो, ते म्हणताना किती जणांना तो येणार आहे असे खरोखर वाटते?

कृष्णाकाठ (मिरज)

ताई, त्या शब्दांवरून मी आजवर नुसता पुढे गेलो आहे. येत्या वडीलमंडळाच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. तारखा सांगणाऱ्यांविषयी पाळकसाहेबांनी उघड बोलावे, ही पहिली. दुसरी जागल्याभाऊंच्या तक्रारीतून घेतली आहे: १ थेस्सलनीकाकर ४ आणि ५ या अध्यायांवर वर्षाच्या मध्येच, आगमनकाळाची वाट न पाहता, सलग उपदेश व्हावेत.

मामांनी त्या हंगामात छाटणी नोव्हेंबरात केली. माल उशिरा निघाला आणि सगळा बेदाण्याला घालावा लागला. २०३३ चा कागद त्यांच्या शास्त्रात अजून आहे. मी तो काढून घेतलेला नाही.

जागल्या (सांगली)

होशेयाचे वचन मी अजून सोडलेले नाही, भाऊ, आणि १९४८ चा अर्थ काय यावर आपण पुन्हा बोलू. पण मामांना मला भेटायचे आहे. मीही मोजणारा आहे, तेव्हा माझे ते ऐकतील असे वाटते. यंदा गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात धरली आहे ते कळवा. दोन दिवस कात्री घेऊन येतो.