कर वाढवला तरी लोक पाडतातच असं नाही

अनेकदा म्हटलं जातं की रस्त्यांसाठी गाडीवर शुल्क लावलं आणि ते लोकांच्या मतावर सोडलं, तर लोक ते पाडणारच. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये उलटं घडलं, म्हणून लिहितो.

२०१७ च्या एसबी-१ (सेनेट बिल १) या राज्याच्या रस्तेदुरुस्ती कायद्याने पेट्रोल गॅलनमागे १२ सेंटने महागलं, आणि दरवर्षीच्या रजिस्ट्रेशनमध्ये नवं शुल्क आलं: गाडीच्या किमतीनुसार २५ ते १७५ डॉलर. पाच हजार डॉलरच्या आतल्या जुन्या गाडीला तेव्हा २५, साठ हजारांच्या पुढे १७५. नूतनीकरणाच्या नोटिशीत ही रक्कम वेगळ्या ओळीत दिसते, त्यामुळे चीड येते हे खरंच. त्या चिडीपायी, कायद्याच्या बाजूने मत दिलेल्या जोश न्यूमन या राज्याच्या सेनेटरला लोकांनी जून २०१८ मध्ये मुदतीआधीच घरी पाठवलं.

पण त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, प्रस्ताव ६९ दणदणीत मतांनी मंजूर झाला: हा पैसा वाहतुकीखेरीज कुठे वळवायचा नाही, हे थेट राज्यघटनेतच घातलं गेलं. नोव्हेंबरमध्ये अख्खी करवाढ रद्द करणारा प्रस्ताव ६ आला, तो सुमारे ५७ टक्के मतदारांनी फेटाळला. माझ्या मते पैशाला आधी असं कुलूप लागलं म्हणूनच हे शक्य झालं.

विजेच्या गाड्या पेट्रोलवरचा कर भरत नाहीत. २०२० आणि त्यापुढच्या मॉडेलना म्हणून वर्षाला १०० डॉलर वेगळे लावले. तेही मला रास्तच वाटतं, रस्ता त्याही झिजवतात.