इंग्लंडमधल्या आडगावांत: तुमचे अनुभव लिहा

लंडन, बाथ, स्टोनहेंज बहुतेकांचं होतंच. पण चार घरं, एक चर्च आणि मेंढ्या एवढाच ऐवज असलेल्या वाडीत कुणी राहिलंय का? तिथला दिवस कसा जातो, ते वाचायला आवडेल.

---

वॉसडेल हेड, लेक डिस्ट्रिक्ट. वॉस्टवॉटर या इंग्लंडमधल्या सर्वांत खोल तळ्याच्या काठाने रस्ता येतो आणि इथेच संपतो. लोक येतात ते ९७८ मीटरचा स्काफेल पाइक चढायला. आमच्यासोबत सासूबाईंचे गुडघे होते, त्यामुळे खालीच हिंडलो. बरंच झालं. शेतांच्या बांधांवर चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. शेतातून निघालेलेच रचलेत. काही भिंती इतक्या जाड, की दगड संपवायलाच बांधल्या असाव्यात! सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपले गडगे." मग प्रत्येक भिंतीपाशी थांबून कुठला दगड नीट बसला नाही ते सांगत राहिल्या. झाडांआड सेंट ओलाफचं चिमुकलं चर्च आहे. दार उघडं, आत कुणी नाही. आवारात याच डोंगरांत जीव गेलेल्या गिर्यारोहकांची थडगी आहेत.

---

वाडी नव्हे, गावच, तरी सांगतो. ऑक्सफर्डशायरमधलं स्टोक रो. रस्त्याकडेला चक्क घुमट आणि त्याखाली विहीर! काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी दिलेली, १८६४ची. ३६८ फूट खोल, हाताने खणलेली. चिल्टर्नचे डोंगर खडूच्या दगडाचे, पाणी वर ठरतच नाही. तिकडच्या टंचाईची गोष्ट एडवर्ड रीड या इंग्रज अधिकाऱ्याकडून महाराजांच्या कानी गेली होती. मी माणदेशातला, टँकरची वाट बघत वाढलेला. हिरव्यागार इंग्लंडातही पाण्याची ओरड होती, हे तिथे उभं राहूनही खरं वाटेना.

---

शेतांतून जाणाऱ्या पायवाटा चुकवू नका. पिवळा बाण दिसला की बिनधास्त जा, कायद्यानेच वाट सगळ्यांची आहे. फाटक मात्र मागे लावून घ्या. गाईंपासून लांबून, वासरं असतील तर आणखी लांबून. घरांबाहेर अंडी नि पैशांचा डबा ठेवलेला असतो, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या.

---

सगळं छान, पण मी नोकरीपायी अशा वस्तीत राहतोय. दूध संपलं की गाडी काढा. संध्याकाळी बस नाही. डिसेंबरात चारलाच अंधार. वरच्या ताई, पुढच्या वेळी सासूबाईंना इकडे पाठवा, आमच्या मागची भिंत पडलीय.