नाशिक रोडवरून धावलेल्या जुन्या गाड्या : आपली आवडती कोणती आणि का?

गोदातीर, नाशिक रोड

सप्रेम नमस्कार. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने पन्नाशी पूर्ण केली. लासलगाव, निफाड, नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी या पट्ट्यातील माणसाला सकाळी मुंबईला जाऊन, दिवसभराचे काम उरकून, रात्री आपल्या घरी जेवायला बसता आले ते या गाडीमुळे, आणि म्हणून तिच्याविषयी कितीही लिहिले तरी मला ते अधिक वाटणार नाही. परंतु ज्या गाड्यांना नावेच नव्हती, ज्या वेळापत्रकात क्रमांकाने आणि लोकांच्या तोंडी 'भुसावळ पॅसेंजर' किंवा 'शटल' एवढ्याच ओळखीने राहिल्या, त्यांची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातील प्रवासी गाड्या थांबल्या आणि त्यानंतर अनेक पॅसेंजर गाड्या आपल्या जुन्या रूपात परत आल्याच नाहीत. काहींच्या जागी मेमू (वेगळे इंजिन न लागणाऱ्या, लोकलसारख्या विजेच्या गाड्या) आल्या, काही वेळापत्रकातून नाहीशा झाल्या.

माझी स्वतःची आवडती गाडी म्हणजे रात्री मुंबईहून निघणारी भुसावळ पॅसेंजर. ती आरामदायी होती म्हणून नव्हे, तर आरक्षण नसलेल्या माणसाला ती कधी नाही म्हणत नसे म्हणून. मुंबईच्या रुग्णालयात नातेवाइकाला भेटून परतणारी मंडळी, सणासुदीला गावी निघालेले मजूर, परीक्षा किंवा मुलाखत देऊन येणारी मुले, असे सगळे त्या गाडीत बाकांच्या मधल्या जागेत वर्तमानपत्र अंथरून झोपत आणि पहाटे नाशिक रोड आले की शेजारचा अनोळखी माणूस हमखास हलवून उठवत असे.

माझी विनंती अशी आहे की, आपल्या आवडत्या गाडीविषयी लिहिताना ती कोठे थांबत असे, किती वेळ आणि कशासाठी थांबत असे, डबा कसा होता आणि त्यात कोण बसत असे, हे जमेल तेवढ्या तपशिलाने लिहावे. गाडीचा स्वभाव मला नेहमी तिच्या वेगापेक्षा तिच्या थांब्यांत दिसत आला आहे, म्हणून हा आग्रह.

उगावचा प्रवासी, सध्या इंदिरानगर

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझी गाडी देवळाली–भुसावळ शटल. नाशिक रोड सुटले की ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट आणि मग मनमाड, असा तिचा आमच्या तालुक्यातून जाणारा मार्ग. आणि यांतले एकही स्थानक ती गाळत नसे. आज मोटारीतून जाताना ही गावे केवळ पाट्यांवर दिसतात, पण ज्याने हा प्रवास शटलने केला आहे त्याच्या मनात त्यांचा क्रम पाढ्यासारखा बसलेला असतो.

द्राक्षांच्या हंगामात निफाड आणि उगावला गाडीचे रूपच पालटत असे. मोठा माल अर्थातच ट्रकने जाई, परंतु नातेवाइकांकडे पाठवायची पेटी, शेजाऱ्याच्या मुलीच्या सासरी द्यायची करंडी, खते आणि औषधे आणायला नाशिकला निघालेल्या शेतकऱ्याची पिशवी, ही सगळी ये-जा शटलनेच होत असे. लासलगावला कांद्याच्या बाजाराचे दिवस असले की डब्यात चढणाऱ्या माणसांच्या बोलण्यावरूनच भाव चढला की पडला हे कळत असे, आणि तेथून पुढे मनमाडपर्यंत त्याखेरीज दुसरा विषय निघत नसे. माझ्या वडिलांना बाजारभावाची पहिली खबर अनेकदा रेल्वेच्या डब्यातच मिळे, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी कांदा साठवलेली चाळ फोडायची की थांबायचे, याचा निर्णय घरी पोहोचण्यापूर्वीच झालेला असे.

शटलचा दुसरा विशेष म्हणजे तिचा खोळंबा. मागून मेल किंवा एक्सप्रेस येत असली की शटलला एखाद्या स्थानकात 'साइडला टाकत', आणि वेगवान गाडी धडधडत निघून जाईपर्यंत आम्ही सगळे फलाटावर उतरून उभे राहत असू. नेहमीचे प्रवासी केवळ इंजिनाच्या आवाजावरून आणि डब्यांच्या रंगावरून कोणती गाडी गेली आणि ती किती उशिरा धावते आहे, हे अचूक सांगत. त्या थांबण्याचा मला कधी त्रास वाटला नाही, कारण रोजच्या माणसांशी निवांत बोलायला तेवढाच अवधी मिळत असे. आता जानेवारी २०२२ पासून धावणारी इगतपुरी–भुसावळ मेमू वेग लवकर पकडते आणि लवकर थांबते, त्यामुळे ती या मार्गाला अधिक सोयीची आहे, हे मी मनापासून मान्य करतो.

सिन्नर फाटा

उगावच्या बंधूंनी लिहिलेल्या खोळंब्याची दुसरी बाजू मला मांडायची आहे. मी शिक्षिका होते आणि शाळेसाठी याच मार्गावर रोज प्रवास करत असे. खेरवाडी, सुकेणे आणि निफाडहून नाशिक रोडला महाविद्यालयात येणाऱ्या मुली परतीच्या वेळी मला भेटत. त्यांच्या घरच्यांनी त्यांना शिकायला पाठवले याचे मोठे कारण मासिक पास हे होते, कारण एसटीच्या रोजच्या भाड्यापेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडे आणि गाडीत ओळखीच्या बायका असत. परंतु त्याच मुलींनी कोणता विषय घ्यायचा, हेही गाडीच ठरवत असे. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालत आणि परतीची गाडी चुकली तर पुढची केव्हा, याची खात्री नसे. म्हणून गणितात उत्तम गुण मिळवलेल्या काही मुलींनी कला शाखा घेतल्याचे मी जवळून पाहिले आहे. गाडी तासभर साइडला पडली की त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसे, ती फलाटावर गप्पा मारणाऱ्या पुरुष प्रवाशांच्या लक्षात येत नसावी.

हे सारे लिहूनही मी शटललाच माझी आवडती गाडी म्हणेन. महिलांच्या डब्यात उत्तरपत्रिका तपासताना एकीने हातातला गठ्ठा धरायचा, दुसरीने गुणांची बेरीज पडताळायची, आणि दसऱ्याला सगळ्यांनी मिळून दाराला आंब्याच्या पानांचे तोरण बांधायचे, अशी सोबत मला पुढे कोणत्याही नोकरीत मिळाली नाही.

घाटवाट, देवळाली कॅम्प

पंचवटीविषयी कितीही लिहिले तरी अधिक वाटणार नाही असे मूळ प्रश्नकर्ते म्हणतात, पण तिचा घाटातला प्रवास मला पुरेसा लिहिलेला आढळला नाही. मी तिचा अनेक वर्षांचा पासधारक. मुंबईहून रात्री परतताना कसाऱ्याला जो थांबा असे, तो माझ्या दृष्टीने या संपूर्ण मार्गावरचा सर्वांत महत्त्वाचा थांबा आहे. कारण तेथून पुढे थळ घाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो, सुरू होतो. आणि त्याची चढण ३७ मीटर अंतराला १ मीटर इतकी तीव्र आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाट १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला केला. त्या काळी सुरुंग आणि माणसांचे हात यांच्या बळावर बोगदे खोदले गेले, आणि पटकी, हिवताप यांसारख्या रोगांनी घाटांच्या कामावरील असंख्य मजूर दगावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते.

इतक्या चढणीवर पुढचे एकटे इंजिन पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. ती लागताना डब्याला एक हलका धक्का बसतो आणि झोपलेला पासधारकही त्या धक्क्याने ओळखतो की आता आपला मुलूख जवळ आला. पुढचे इंजिन ओढते आणि मागची इंजिने ढकलतात. मागून रेटा असल्यामुळे डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवरचा ताण कमी होतो, आणि एखादे कपलिंग दुर्दैवाने तुटलेच तरी मागचे डबे उताराने घरंगळत जात नाहीत. इगतपुरीला बँकर सुटले की गाडी पुन्हा मोकळी होऊन धावू लागते.

वयस्कर रेल्वे कर्मचाऱ्यांकडून या घाटातल्या जुन्या विद्युत इंजिनांविषयी फार ऐकले आहे. मुंबईकडून येणारी विजेची तार घाट चढून १९३०च्या सुमारास इगतपुरीपर्यंत आली, आणि तिच्याखाली जी मालगाड्यांची इंजिने धावली त्यांना लोक 'खेकडा' म्हणत. मधोमध चालकाची उंच खोली आणि दोन्ही बाजूंना बसकी, लांब तोंडे, अशी त्यांची घडण होती. चाके दांड्यांनी जोडलेली असत, आणि उभी असताना ती कण्हल्यासारखा आवाज करत. त्यांतले 'सर लेस्ली विल्सन' हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. इगतपुरीच्या पुढे भुसावळपर्यंत वीज आली ती १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि तीही वेगळ्या प्रकारची, २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची. घाटाखाली १,५०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह आणि वर प्रत्यावर्ती, त्यामुळे कित्येक वर्षे इगतपुरीला इंजिन बदलणे भाग असे. आपल्या लहानपणी इगतपुरीला गाडी एवढा वेळ का थांबते, असे ज्यांनी ज्यांनी आईवडिलांना विचारले असेल, त्यांचे उत्तर बहुतेक हेच आहे.

पावसाळ्यात धुक्यातून एहेगावच्या उंच पुलावर गाडी येते तेव्हा खाली दरी आहे की ढग, हे कळत नाही. त्या जागी पंचवटीच्या डब्यात रोजचे प्रवासीसुद्धा हातातले पत्ते खाली ठेवून खिडकीकडे वळत.

टपालप्रेमी

नावाच्या गाडीविषयी लिहायला हरकत नसेल, तर मी पंजाब मेलची नोंद करतो, कारण आपल्या स्थानकावरून आजही धावणाऱ्या गाड्यांत ती सर्वांत जुन्या गाड्यांपैकी एक आहे. ती १ जून १९१२ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथून निघाली असे मानले जाते, आणि हे अनुमान काढायला ज्या कागदांचा आधार मिळाला त्यांत एका प्रवाशाची तक्रार आहे : ऑक्टोबर १९१२ मध्ये ही गाडी दिल्लीला काही मिनिटे उशिरा पोहोचली, अशी. विलायतेहून बोटीने येणारी माणसे आणि टपाल घेऊन ती थेट पेशावरपर्यंत जात असे. आरंभी तिला सहाच डबे होते. त्यांतले तीन टपालाचे आणि तीन प्रवाशांचे, आणि त्या तीन डब्यांत मिळून केवळ ९६ प्रवाशांची सोय होती. फाळणीनंतर तिचा प्रवास फिरोजपूरला थांबला.

याच मार्गावरची माझी दुसरी आवडती गाडी म्हणजे गीतांजली एक्सप्रेस. डिसेंबर १९७७ मध्ये, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, ती मुंबई–हावडा मार्गावर सुरू झाली आणि तिला पहिला वर्ग मुद्दामच ठेवलेला नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली तीही त्यांच्याच काळात. रात्रभर उघड्या फळीवर पाठ टेकून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा बदल किती मोठा होता हे सांगायला नको.

गोदातीर, नाशिक रोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिन्नर फाट्याच्या बाईंनी लिहिलेले वाचून वेळापत्रकाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मुलींच्या शिक्षणाचा विषय आणि परतीच्या गाडीची वेळ यांचा संबंध मी कधी जोडला नव्हता. ज्यांच्याकडे या पट्ट्यातील १९८० किंवा १९९०च्या दशकातील छापील वेळापत्रके असतील, त्यांनी शटलच्या पानाचे छायाचित्र येथे अवश्य द्यावे, म्हणजे त्या वेळा पडताळता येतील.

घाटवाट यांना एक शंका विचारतो. सकाळी मुंबईकडे घाट उतरताना गाडी मध्येच, आसपास कोणतेही स्थानक नसताना, पूर्ण थांबत असे. ते कशासाठी?

घाटवाट, देवळाली कॅम्प

ती जागा कॅच साइडिंगची. उतारावर एका ठिकाणी मुख्य मार्गाला फुटून वर चढत जाणारा एक आंधळा रूळमार्ग ठेवलेला असतो, आणि तेथील सांधा (गाडीचा रूळ बदलणारी जोडणी) नेहमी त्या चढत्या मार्गाकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने सिग्नलपाशी येऊन पूर्ण थांबायचे, म्हणजे तिचे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध होते. त्यानंतरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवून तिला पुढे सोडतात. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप त्या चढणीवर जाते आणि तिचा वेग तेथेच मोडतो. गाडी रिकामी असो, भरलेली असो, वेळेत असो वा उशिरा धावत असो, हा थांबा कोणालाही चुकत नाही.